हौद्यावरचं बिऱ्हाड

पिकअपच्या हौद्यावर राहण्याजोगा डबा बसवायचं ठरलं की बोलणं सुरू होतं ते सामानाच्या यादीपासून. फ्रीज किती लिटरचा, शेगडीला बर्नर एक की दोन, टपावर सोलर किती वॅटचं, एसी बसेल का. यादी लांबत जाते आणि तिच्या लांबीलाच आराम समजलं जातं. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. या गाडीतला आराम किलोंत मोजायचा असतो, आणि किलो वाढवून तो वाढत नाही. आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. त्यांची वजाबाकी हे आपलं सगळं भांडवल. त्यातून आधी माणसं वजा करायची, मग डबा, मग पाणी, आणि काही उरलंच तर हौस. माल वाहायच्या साध्या पिकअपमध्ये ही वजाबाकी टनाच्या वरही जाते. पण डबल केबिनच्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या ज्या रुबाबदार गाड्या लांबच्या प्रवासासाठी घेतल्या जातात, त्यांत ती बरीच कमी भरते. गाडी जितकी ऐषारामी, तितकी तिची पाठ आधीच भरलेली.

हे भांडवल सर्वांत आधी बुडतं ते सुतारकामात. घरच्या फर्निचरचा हात बसलेला सुतार सवयीने १८ एमएमचा प्लाय उचलतो. आठ बाय चारचा असा एक ताव ३० ते ३५ किलोंचा. पलंग, ओटा आणि दोन कपाटं यांत चार-पाच ताव सहज जातात. वर सनमायका, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल. आत एकही माणूस किंवा भांडं नसताना दीडशे-पावणेदोनशे किलो संपलेले असतात. तेच काम ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ६ एमएमचा प्लाय लावून निम्म्या वजनात होतं, आणि कपाटांना दारं न लावता जाड कापडाचे कप्पे शिवून घेतले तर आणखी खाली येतं. शिवाय कापड खडखडत नाही, आणि खडबडीत रस्त्यावर दिवसभर चाललेला खडखडाट माणसाला किती थकवतो ते तो थांबल्यावरच कळतं. वजन किती, याइतकंच ते कुठे बसलंय यालाही महत्त्व आहे. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असलेल्या गाडीत मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे १०० किलो ठेवले, तर मागच्या ॲक्सलवर १३३ किलो बसतात आणि पुढच्या चाकांवरून ३३ किलो उचलले जातात. उतारावर ब्रेक दाबताना सर्वांत जास्त काम पुढची चाकं करतात, आणि आपण नेमकी त्यांचीच पकड सैल केलेली असते. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी ही दोन जड बिऱ्हाडं केबिनला टेकून, तळाशी, ॲक्सलच्या पुढे. मागच्या दाराशी टाकी ठेवली की नळी छोटी लागते हे खरं. पण नळीचे दोन-तीनशे रुपये वाचवायची ती जागा नव्हे.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, कमानीचे पाटे वाढवून घेऊ. पाटे वाढवले की मागे बसलेली गाडी वर येते, सरळ उभी राहते, आणि मालकाचं समाधान होतं. पण भार पेलायची मर्यादा एकट्या पाट्यांची नसते. ॲक्सल, बेअरिंग, टायर, चासी आणि ब्रेक या सगळ्यांची मिळून ती ठरलेली असते, आणि पाटे बदलल्याने यातलं दुसरं काहीच बदलत नाही. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना गाडीचं वजन जितक्या टक्क्यांनी जास्त, तितक्याच टक्क्यांनी ब्रेकनी आणि इंजिनाने जिरवायची उष्णता जास्त. वर ताठ पाट्यांमुळे प्रत्येक खड्डा थेट डब्यात पोहोचतो आणि बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होतात ते वेगळंच. डबा कायमचाच चढवलेला असेल, तर मर्यादेच्या आतल्या त्या कायमच्या वजनाला जुळणारे पाटे आणि शॉकअप घेणं रास्त आहे. मर्यादा ओलांडायची सोय म्हणून ते घेणं रास्त नाही.

मग हे मोजके किलो खर्च कशावर करायचे? माझ्या हिशेबात पहिला हक्क झोपेचा. डबल केबिनच्या पिकअपचा हौदा जेमतेम दीड मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. त्यात सरळ झोपता येत नाही, आणि तिरकं झोपायचं ठरवलं तर दुसऱ्याने कुठे जायचं? म्हणून बिछाना केबिनच्या टपावर पुढे आलेल्या भागात न्यावा लागतो. हे शहाणपण अमेरिकेत जुनं आहे. छप्पर उचलून मधे कापडाच्या भिंती उभ्या करण्याची तिथली पद्धतही चांगली: चालताना गाडी बुटकी राहते, वारा कमी अडतो, वजन कमी. पण कोकणातल्या पावसात ते कापड ओलंच घडी करावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला बुरशीचा वास येतो. पावसाळ्यात फिरणाऱ्याने थोडे किलो जास्त घालून पक्क्या भिंतीच घ्याव्यात. आणि गादी. चार इंचांचा चांगला फोम, खाली हवा खेळेल अशा पट्ट्या. सपाट फळीवर टाकलेल्या गादीच्या बुडाला अंगातली वाफ थंड होऊन पाणी सुटतं, आणि आठवड्याभरात गादी खालून काळी पडते.

या पाण्याकडे डबा बांधणारे जितकं दुर्लक्ष करतात तितकं दुसऱ्या कशाकडेच करत नाहीत. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटर पाणी सहज बाहेर पडतं. आत गॅस पेटवला तर एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ होते. थंडीत लोक भिंतींना फोम चिकटवतात, प्रत्येक फट बुजवतात, आणि पहाटे छतातून ठिबकू लागलं की फोमला दोष देतात. फोम हवाच, ॲल्युमिनियमच्या चौकटीवरून तर तो न चुकता फिरवायला हवा, कारण थंडी धातूतूनच आत शिरते. पण इलाज हवेचा आहे. एक झरोका खाली, एक छतात, आणि छतातल्या झरोक्याला बारा व्होल्टचा छोटा पंखा. खालचा झरोका दुसऱ्या कारणासाठीही लागतो: आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो. ऊब हवी तर डिझेलवरचा हीटर, कारण तो जळण्याची हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो आणि आत कोरडी ऊब देतो. मंद आचेवर तो डिझेल थोडंच घेतो. उंचीवर प्राणवायू विरळ झाला की त्यात काजळी धरते, म्हणून लडाखला जाणाऱ्याने उंचीनुसार डिझेलचं प्रमाण बदलता येणाराच घ्यावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र वजनाच्या हिशेबात धरायचाच नाही.

विजेला हाच तराजू लावला की पुष्कळ हौस आपोआप गळून पडते. १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोंची असते आणि सव्वा युनिटच्या आसपास वीज देते. फ्रीज, पंखा, दिवे आणि मोबाइल यांना ती पुरते. दिवसा चालताना अल्टरनेटर आणि टपावरचं एखादं पॅनेल तिला पुन्हा भरतं. आता एसी घ्या. सरासरी किलोवॅट धरला तर आठ तासांना आठ युनिट, म्हणजे अशा सहाहून जास्त बॅटऱ्या, पाऊणशे किलोंच्या वर. टपावरच्या एसीचं वजन वेगळं, आणि तेही सर्वांत उंचावर, जिथे ते वळणावर गाडीला कलवतं. हवा दर हजार मीटरला साडेसहा अंशांच्या आसपास थंड होत जाते. मे महिन्यात किनाऱ्यावर एसी लावून पडण्यापेक्षा गाडीला चाकं आहेत हे लक्षात ठेवून घाट चढावा.

आपल्या याद्या लांबतात याचं एक कारण म्हणजे त्या परक्या रस्त्यांवरून उतरवलेल्या असतात. ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट सुमारे १८५० किलोमीटरचा आणि वाटेत शहर नाही; तिथे शेकडो लिटर पाणी आणि डिझेल वाहण्याला अर्थ आहे. आपल्याकडे मनाली–लेह मार्गावर तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध झाली, आणि तेवढी मजल भरलेली टाकी व वीस लिटरचा कॅन मारून नेतात. वीस-तीस किलोमीटरवर गाव, विहीर, चहाची टपरी असलेल्या देशात दोन माणसांना ४० लिटर पाणी आणि एक चांगला फिल्टर पुरे. शंभर लिटरची टाकी म्हणजे दीड माणूस फुकट वाहून नेणं. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारे धनगर सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर नेतात: वाघरी म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळ्या, भांडी, पांघरुणं, कोंबड्यासुद्धा. घोड्याला झेपेल तेवढंच त्यात असतं, आणि ते महिनोन्‌महिने पुरतं. उलट जॉन स्टाइनबेकने १९६० साली जीएमसीच्या पिकअपवर डबा चढवून, कुत्र्याला सोबत घेऊन अमेरिका पालथी घातली, गाडीला डॉन किहोतेच्या घोड्याचं रोसिनान्ते हे नाव दिलं, आणि सामान गरजेहून कितीतरी जास्त घेतल्याचं पुढे पुस्तकात मान्य केलं.

आपल्याकडे उणीव असते ती वेगळ्याच गोष्टींची: आडोशाची, शांततेची आणि धुळीपासून सुटकेची. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या दाराच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. दाराला दुहेरी रबर आणि छताच्या पुढच्या बाजूला जाळी लावलेला झरोका, एवढ्यावर ती पुष्कळ थांबते. आडोशाचा प्रश्न बायकांना जास्त जाचतो. काटकसरीच्या नावाखाली शौचालय गाळणारे बहुतेक पुरुष असतात. उचलता येणारं छोटं शौचालय रिकामं असताना पाच-सहा किलोंचं असतं, आणि त्याच्या जोरावर दोन गावांमधल्या कुठल्याही पठारावर रात्र काढता येते. माझ्या यादीत ते फ्रीजच्या वर आहे. प्रेशर कुकरही वर आहे: लेहच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि उघड्या पातेल्यातली डाळ गॅस संपेपर्यंत टणक राहते.

इतकं हलकंच राहायचं तर टपावर तंबू बांधला म्हणजे झालं, असं कुणी म्हणेल. कोरड्या हवेत, तरुण पायांना, चालेल. पण शिडीवरून मध्यरात्री उतरणं साठीच्या माणसाला नको असतं, आणि पावसात तंबूत बसून चहा होत नाही. याउलट, डांबरी रस्ता सोडायचाच नसेल तर व्हॅन घ्यावी, हे मी बिनदिक्कत सांगतो. तिच्यात उभं राहता येतं आणि जागा दुप्पट मिळते. पिकअपचा डबा त्यांच्यासाठी, ज्यांना स्पितीतल्या नाल्यातून पलीकडे जायचंय आणि पलीकडे कोरड्या बिछान्यात झोपायचंय. कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्यावर बंधन घालतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ बनावटीच्या तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. चासी किंवा हौदा न कापता चढवता-उतरवता येणारा हलका डबा त्यातल्या त्यात बरा. तरी काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून, उत्तर लेखी घ्यावं.

डबा झाला, पाणी भरलं, कपडे ठेवले, सगळी माणसं बसली, की गाडी साखर कारखान्याच्या किंवा खडी क्रशरच्या वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. तीन पावत्या आणि आरसी शेजारी ठेवून बघायचं. वजन जास्त भरलं तर आधी पाणी निम्मं करावं, मग दुसरा बर्नर, घडीच्या लोखंडी खुर्च्या आणि ते मोठं टूलकिट उतरवावं, ज्यातले निम्मे पाने या गाडीच्या एकाही नटाला बसत नाहीत. मग पुन्हा काट्यावर जावं. गादीला शेवटपर्यंत हात लावू नये.