रक्तातील खूण

आमच्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी बांधवांत सिकलसेलचे रुग्ण आढळतात. हा आजार देणारे जनुक निसर्गाने गाळून का टाकले नाही, असा प्रश्न आम्हांस पडे. उत्तर हिवतापात दडले आहे. माता-पिता दोघांकडून ते आले, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व वेदना जन्मभर सोबत करतात. एकाकडूनच आले, तर माणूस सहसा निरोगी राहतो. शिवाय जीवघेण्या हिवतापापासून त्याला पुष्कळ संरक्षण लाभते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून हे दाखवून दिले. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकले. दोघे वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका चारांत एक. तेव्हा विवाहापूर्वी रक्ततपासणी जरूर व्हावी. परंतु केवळ वाहक म्हणून कुणाला हिणवलेले ऐकले की आम्ही व्यथित होतो. ज्या खुणेने पूर्वजांना तगवले, तिला कलंक कसे म्हणावे?