धसईतला जास्तीचा महिना

डिसेंबर आला की ऑफिसात दोनच गोष्टींची घाई असते. उरलेल्या सुट्ट्या संपवायच्या आणि थर्टी-फर्स्टचं बुकिंग करायचं. गोवा, अलिबाग, लोणावळा... फार तर माळशेज. माळशेजला निघालेल्या गाड्या मुरबाडमध्ये चहाला थांबतात आणि तशाच घाटाकडे सुटतात. मुरबाडहून म्हसामार्गे धसईकडे वळणारे थोडे. त्यातलेही बहुतेक पाठीवर सॅक आणि डोक्यात गोरखगड घेऊन आलेले. धसईकडून त्यांना एक कटिंग आणि देहरीची जीप, एवढंच हवं असतं.

मला मात्र या गावात २०२५ चा अख्खा डिसेंबर मिळाला. माझंच गाव, पण बारावीनंतर सलग इतके दिवस मी इथे राहिलेच नव्हते. कारण अगदी घरगुती होतं. आम्ही घर बदलत होतो.

बाबांनी बाजारातलं किराणा दुकान आवरलं होतं आणि बदलापूरला टू बीएचके घेतला होता. आजीचं गुडघ्याचं दुखणं, डॉक्टरकडे जायचं म्हणजे मुरबाड नाहीतर कल्याण, माझं ऑफिस ऐरोलीला. कारणं सगळी पटण्यासारखी. आणि मुरबाडला रेल्वे येणार, हे तर मी शाळेपासून ऐकतेय. अजून तरी कल्याणला उतरून एसटीच पकडावी लागते. मी बॉसकडून वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि १ तारखेला खोकी, सेलोटेप आणि मार्कर घेऊन घरी दाखल झाले. प्लॅन एकदम टाइट होता. १३-१४ चा वीकेंड, टेम्पो, संपलं!

फ्लॅटच्या किल्ल्या हातात यायला १६ तारीख उजाडली. इथून पुढचं सगळं कॅलेंडरने ठरवलं, म्हणजे भिंतीवरच्या. १८ ला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, आईचं उद्यापन. मांडलेला घट दुसऱ्या दिवशी सकाळच्या पूजेपर्यंत हलवायचा नसतो. दुसऱ्या दिवशी अमावास्या. आणि २१ पासून पौष.

"पौषात चूल हलवत नाहीत बाय," आजी म्हणाली. विषय संपला.

पौषाला आपल्याकडे भाकड महिना म्हणतात. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. दूध न देणाऱ्या गाईसारखा महिना, पण गाय म्हणून दारात उभा. मी फोनवर पाहिलं, माघ लागत होता १९ जानेवारीला. त्यानंतरचा रविवार २५ तारखेचा, सोमवारी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. टेम्पोवाल्याला तसं कळवून टाकलं. बाबा दोन दिवस वैतागले होते. मला मात्र आतून शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं झालं होतं.

अर्धं घर खोक्यात आणि अर्धं बाहेर, अशा अवस्थेत राहण्याची मजा काय असते, हे शिफ्टिंग करणाऱ्यालाच कळेल. मिक्सर पॅक झाला होता. मग चटणी पाट्यावर. जेवायला बाहेर ठेवलेली पाचच ताटं, म्हणून पाहुणा आला की कोणीतरी केळीच्या पानावर जेवायचं, आणि त्यासाठी भांडण. गिझरची जोडणी काढलेली, म्हणून माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली आला. खरं तर तो मोडीत द्यायलाच काढला होता. बाबांनी सहज दोन लाकडं घालून पेटवला आणि त्या धुराचा वास असलेल्या पाण्याने आंघोळ केल्यावर मोडीचं नाव कोणी काढलं नाही. सकाळी सहाला अंगणात बंब, त्याच्याभोवती हात शेकत उभे आम्ही, आणि आजीची एकच हाक, "पाणी तापलं का रे?"

या गावाचं वैभव सकाळीच बघावं. भात कापून झालेलं असतं, खाचरं मोकळी, पेंढ्याच्या गंजी रचलेल्या. त्यावर धुकं पसरतं, आणि पूर्वेला सह्याद्रीची सलग भिंत असते ती काही वेळ अजिबात दिसत नाही. मग आधी गोरखगडचा सुळका बाहेर येतो, शेजारी मच्छिंद्र, आणि हळूहळू मागचा डोंगर. नेटवर्क आमच्याकडे फक्त ओटीच्या एका कोपऱ्यात, तुळशीच्या बाजूला येतं. म्हणजे साडेनऊचा टीम कॉल मी रोज गोरखगडकडे तोंड करून घेतला. एकदा कोंबडा इतका मनापासून आरवला, की ऐरोलीहून एकाने विचारलं, "ही रिंगटोन कुठून डाउनलोड केलीस?"

दुपारी जेवण. नवा तांदूळ गिरणीतून येऊन पडलेला. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, हे मान्य. पण त्याची पेज, वर चमचाभर तूप आणि लोणच्याची फोड... यावर मी वाद घालणार नाही. बांधावरच्या तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून आई परात मध्ये ठेवायची आणि खोकी भरता भरता सगळे सोलत बसायचे. पॅकिंगचा वेग किती राहत असेल, तुम्हीच ठरवा.

खरा प्रश्न कणगीचा होता. बांबूची, शेणामातीने सारवलेली, माझ्या खांद्याएवढी उंच. आजी लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या वर्षी विणलेली. यंदाचं भात तिच्यात भरलं होतं, आणि आमच्या घराने स्वतः लावलेलं हे शेवटचं. पुढच्या पावसाळ्यापासून जमीन काका करणार. बाबांनी बदलापूरला जाऊन लिफ्टचं माप आणलं. कणगी मावत नाही. जिन्यानेही वळत नाही. आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग मी तांदूळ कशात ठेवू?" बाबांनी सांगितलं, डब्यात. ती गप्प झाली. आमच्याकडे आजी गप्प झाली की सगळेच काम शोधायला लागतात.

दोन दिवसांनी तिनेच तोड काढली. कणगी काकांकडे जाणार, भातासकट. आम्ही दर महिन्याला येऊन लागेल तेवढं भरडून न्यायचं. "म्हणजे तुम्हाला यावंच लागेल," एवढंच म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली. लिफ्टचं माप घेऊन आलेल्या बाबांपेक्षा तिचा हिशोब पक्का होता, हे माझं मत.

दुकानाच्या सामानात एक गंमत सापडली. स्वाइप मशीनच्या कागदाचे तीन गुंडाळे, प्लास्टिकसुद्धा न फाडलेले. तुम्हाला आठवत असेल, नोटाबंदीनंतर तीन आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ ला, तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार धसईत आले होते आणि आमचं गाव राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं. बँक ऑफ बडोदाची मशीनं दुकानादुकानांत आली, टीव्हीच्या गाड्या आल्या, वडापावचे पैसेही कार्डावर! चार दिवस आम्ही फेमस होतो. बाबा सांगतात, गिऱ्हाईक मशीन बघायला यायचं, खरेदी झाली की खिशातून नोटच काढायचं. आता भाजीवालीकडेही क्यूआर कोड आहे आणि त्याची बातमी कोणी करत नाही. कागदाचे गुंडाळे मी ठेवून घेतले. खोक्यांची यादी लिहायला मस्त आहेत, लांबच लांब!

याच दिवसांत घर हलवणारे आम्ही एकटे नव्हतो. भाताचं काम संपलं की इकडच्या कातकरी वाड्यांवर टेम्पो येतात. भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांसाठी. अख्खी घरं त्यात चढतात: टोप, गोधड्या, कोंबड्या, तान्ही मुलं, कधी कुत्रासुद्धा. मालकाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती फेडायला पावसाळ्यापर्यंत भट्टीवर राहायचं. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. उचल मात्र अजून चालते. आमच्याकडे भात कापायला दरवर्षी येणारी मावशी निघायच्या आधी आईला भेटायला आली. "तुमचा टेम्पो कधी?" तिने विचारलं. आईने जानेवारी सांगितलं, पौषाचं कारणही सांगितलं. मावशी हसली. "आमचा उद्या," म्हणाली. आईने तिला चहा दिला, नवे तांदूळ बांधून दिले आणि घराची किल्ली मागून घेतली. दरवर्षी तिच्या झोपडीचं कुलूप आईच बघते. यंदापासून कोण बघणार, हे त्या दोघींनी तिथे ओटीवर बसून बराच वेळ बोलून ठरवलं. किल्ली काकूकडे गेली. मावशीची नात तिसरीत आहे. तिची पुस्तकं टेम्पोत चढली की नाही, ते मी पाहिलं नाही.

उद्यापनाचं राहिलंच. १८ तारखेला संध्याकाळी सात सवाष्णींना हळदीकुंकू, फळ आणि व्रताची पोथी द्यायची, एवढाच नेम. आईने त्याबरोबर एकेक बरणी दिली. चिनी मातीच्या, लोणच्याच्या, तिच्या सासूकडून आलेल्या. बदलापूरला ठेवायला फळी नाही, असं ती प्रत्येकीला सांगत होती. सात बरण्या गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यातल्या तीन भरून परत आल्या: मिरचीचं लोणचं, आवळ्याचं, आणि एकीत नुसतंच साजूक तूप. आई म्हणाली, "आता ह्या परत कशा देऊ?"

बाकी महिना असाच गेला. शाळेचं गॅदरिंग झालं, त्यात लाऊडस्पीकर दोनदा बंद पडला. थर्टी-फर्स्टला आम्ही नऊला झोपलो. नव्या वर्षाचं इथलं खरं वेळापत्रक वेगळंच असतं. २ जानेवारीला लोक सिद्धगडाच्या पायथ्याला जमतात. विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील १९४३ मध्ये याच तारखेला तिथे हुतात्मा झाले. आणि २०२६ ला दुसऱ्याच दिवशी, ३ तारखेला, पौषी पौर्णिमा आली. म्हणजे म्हशाची जत्रा!

खांबलिंगेश्वराची ही जत्रा तुम्ही पाहिली नसेल, तर एकदा नक्की जा. कल्याणहून मुरबाडची एसटी, पुढे म्हसा. बैलांचा मोठा बाजार भरतो, शेतीची अवजारं असतात, आणि घोंगड्या. लवकर गेलात तर बैल बघायला मिळतील. उशिरा गेलात तर फक्त गर्दी.

घरातून निघताना बाबांनी बजावलं होतं, नवीन काही घ्यायचं नाही, आहे तेच मावत नाही. आजीने बैल पाहिले, पाळण्याकडे बघून नाक मुरडलं, भजी खाल्ली. मग घोंगड्यांच्या दुकानापुढे बसली ती बसलीच. दुखऱ्या गुडघ्यासकट पाऊण तास घासाघीस केली. एक काळी, जाड, अंगाला टोचणारी घोंगडी घेतली. बाबांनी विचारलं, "आई, सातव्या मजल्यावर थंडी वाजते का कुठे?"

"खाली अंथरायला," ती म्हणाली. "तिथे तांदूळ निवडायला बसू कशावर?"

पैसे मी क्यूआर कोडवर दिले. घरी आल्यावर कागदाच्या गुंडाळ्यावर खोकं नंबर एकेचाळीसपुढे लिहिलं: घोंगडी, आजी.