आरंभबिंदू बेंबीवर

अंजनगाव सुर्जीत मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आमची बरीच पोरं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. सायन्स घेतलं की सगळं एकदम इंग्रजीत सुरू होतं, आणि त्यातच शरीराच्या दिशांचे शब्द येतात : अँटिरिअर, पोस्टिरिअर, मेडिअल, लॅटरल. पोरं ते घोकतात, चाचणी झाली की विसरतात. बारावीच्या गणितात क्ष, य, झ हे तीन अक्ष असतात, पण डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्यांनी बहुधा गणित सोडलेलं असतं. 'नीट'ला गणित नाही, तर घ्यायचं कायले, असा घरोघरचा हिशोब. मला हे फार लागतं. दोन्ही वर्ग एकाच अवकाशाबद्दल बोलत असतात आणि एकमेकांच्या तासाला बसत नाहीत.

म्हणून गणिताच्या सरांना गाठलं आणि दोन्ही तुकड्या एकत्र बसवल्या. एका मुलाला समोर उभं केलं : ताठ, नजर पुढे, तळवे पुढे. आरंभबिंदू त्याच्या बेंबीवर. क्ष-अक्ष त्याच्या डाव्या हाताकडे धन, य पाठीकडे, झ डोक्याकडे. सीटी स्कॅनच्या फायली ज्या डायकॉम पद्धतीत साठवतात, तिच्यातही दिशा अशाच धरतात. मग त्याला बाकावर आडवं केलं. अक्ष त्याच्याबरोबर आडवे झाले. भिंतींचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं. क्ष बरोबर शून्य म्हटलं की डावं-उजवं वेगळं करणारं मधलं सॅजिटल प्रतल मिळतं. य स्थिर ठेवला तर कोरोनल, झ स्थिर ठेवला तर ट्रान्सव्हर्स. मेडिअल म्हणजे क्षचं केवल मूल्य कमी, लॅटरल म्हणजे जास्त. प्रॉक्झिमल-डिस्टल, म्हणजे मुळाजवळचं आणि मुळापासून लांबचं, हे मात्र या अक्षांवर बसत नाहीत. हात वर केला की बोटं खांद्याच्या वर जातात, तरी डिस्टलच राहतात. तिथे अंतर हाताच्या मुळापासून मोजायचं.

खरा रंग भरला तो अपेंडिक्सवर. अमेरिकन सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये दुखण्याची जी जागा सांगितली ती आज अशी शोधतात : उजव्या कमरेच्या हाडाचं पुढे हाताला लागणारं टोक आणि बेंबी जोडा, आणि टोकापासून एक तृतीयांश अंतरावर बोट ठेवा. म्हणजे 1:2 गुणोत्तर, दहावीच्या भूमितीतलं विभाजनाचं सूत्र! ते गणित सोडलेल्यांनाही आठवत होतं. टोकाचे निर्देशक सेंटिमीटरमध्ये (−12, 3, −6) धरले. उत्तर आलं (−8, 2, −4). तिसरा निर्देशक त्यांनी न सांगता त्याच सूत्राने काढला.

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हा बिंदू तं पोटाच्या आत गेला. डॉक्टरचं बोट तं वरूनच लागते ना?"

तिचं बरोबर होतं. पोट पुढे आलेलं असतं, त्यामुळे सरळ रेषा त्याच्या आतून जाते. सर उठले आणि म्हणाले, बोट समोरून येतं, य-अक्षाला समांतर. म्हणून क्ष आणि झ पुरेसे आहेत. प्रक्षेप हा विषय मी इतक्या सहज उतरलेला पाहिला नव्हता. अपेंडिक्सचं मूळ साधारण या बिंदूखाली सापडतं, टोक मात्र कुठेही वळलेलं असू शकतं, हेही तिथेच सांगून टाकलं.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मंग बैलाचं सुपिरिअर कोनतं, पाठ का डोस्कं?" माणसात सुपिरिअर म्हणजे डोक्याकडचं, पण चार पायांवर चालणाऱ्याला तो शब्द लावत नाहीत. डोक्याकडची बाजू क्रेनिअल, शेपटीकडची कॉडल, पाठ डॉर्सल, पोट व्हेंट्रल. झ-अक्ष डोक्याकडेच ठेवला तर बैलात तो जमिनीला समांतर होतो. विचारणाऱ्याच्या घरी बैलजोडी आहे. पोटफुगी झाली की डावी भकाळी फुगते हे त्याला ठाऊक होतं. रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं, मोठं पोट डाव्या अंगाला असतं. जीव धोक्यात असेल तर पशुवैद्यक तिथेच ट्रोकार टोचून वायू काढतात. बैलाच्या तोंडासमोर उभे राहा की मागे, त्याचा डावा तो त्याचाच डावा. शेतकऱ्याच्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

त्याच पोराला मी माझ्या सासऱ्यांच्या सीटी स्कॅनची फिल्म खिडकीशी धरून दाखवली. यकृत चित्रात डावीकडे दिसत होतं. आडवे छेद पायांकडून पाहिल्यासारखे मांडतात, म्हणून रोग्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. तो लगेच म्हणाला, "बैल समोरून पाहतो तसंच."

या एकत्र तासांना वेळापत्रकात जागा नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर घेतो, तर एसटीने येणारी पोरं निघून जातात, आणि बैलांबद्दल विचारणारी तीच असतात. यंदा हा तास नियमित करावा म्हणून सरांनी आणि मी मिळून लेखी अर्ज दिला आहे.