ती रोपं वाटू नकोस

मोहने, वैशाख

चि. सुहास,


"पानं बारीक झालीत, पण मिरीची वेल जगतेय ना आत्या? तिचीच रोपं केलीत, मृगात वाडीभर वाटणार," असं तू म्हणालास आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितेय.

तुझा फोटो मोठा करकरून पाहिला. पेरं आखूड, पान अरुंद, जाडसर, मुरडलेलं, त्यावर पिवळट ठिपके. घोस बोटाच्या पेराएवढा, दाणे विरळ. हे खत कमी पडल्याचं लक्षण नव्हे रे, हा विषाणू! मिरीवर दोन येतात. एक काकडी-मिरची-केळीलाही धरतो, तो मावा पसरवतो. दुसरा पायपर यलो मॉटल, तो पिठ्या ढेकणातून जातो. पण कीड नेऊन नेऊन शेजारच्या वेलीवर नेणार. गावोगाव नेतो आपणच, छाटाच्या पिशवीतून.

बोर्डो मारलास म्हणे. पावसाळ्यातल्या मर रोगाला तो ठीक. शिरलेला विषाणू काढणारं औषधच नाही. आणि पन्नियूर-१ जातीची वेल आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस.

माझं जुनं पालुपद पुन्हा ऐक. सोयरीक करताना आपण सात पिढ्या विचारतो, रोप घेताना आईवेल कुठली हे कुणी विचारत नाही. केळीचे मुनवे, वेलचीचे कंद, सगळीकडे हेच. केळीचा पर्णगुच्छ, वेलचीचा कट्टे हे रोग असेच हातोहात पसरले. इथे मोहन्यातही शेजारणी फांद्या मागतात, मी आधी झाड दाखवते, मगच देते.

दादाने पोफळीवर चढवलेली वेल, तुझा हात धजत नसणार, कळतं मला. घोसातले एक-दोन दाणे लाल झाल्याशिवाय तो कुणाला तोडू देत नसे. पण वेल मुळासकट काढ, जाळून टाक. खतखड्ड्यात टाकू नकोस. शेजारच्या हिरव्यागार वेलींचेही छाट यंदा घेऊ नकोस. रोग आत असूनही कधीकधी दिसत नाही, मला धास्ती त्याचीच आहे. पावसात नवी पालवी फुटली की एकेक पान उलटून बघ. लावायचीच तर भाट्याच्या संशोधन केंद्रातून किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातून रोपं आण.

आणि खालच्या वाडीत दोन पिशव्या आधीच गेल्या म्हणालास ना? आजच्या आज परत आण. संकोच वाटला तर माझं नाव सांग.

तुझी आत्या