आयटीतलं कंत्राट आणि आपली पोरं

गेल्या महिन्यात मंचरच्या एसटी स्टँडवर आमच्या वस्तीतल्या एक मावशी भेटल्या. हंगामात त्या नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट भरायला जातात. जय भीम झाला. घरचं ख्यालीखुशालीचं बोलतील असं वाटलं होतं, पण त्यांनी सरळच विचारलं, "दादा, तुम्हीच त्याला कॉम्प्युटरकडं घातलं होतं ना? मग आता तो घरी का बसलाय, तेही तुम्हीच सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

होय, मीच सांगितलं होतं. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यात मी गेली दहा वर्षं सामाजिक काम करतो. विहारात अभ्यासिका चालते. तिथं येणाऱ्या पोरांना मी सांगत आलो की पोलीस भरती आणि तलाठी भरतीच्या मागे तिशी उलटू देऊ नका. आयटीत जा. तिथं जात विचारत नाहीत, काम विचारतात. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या माणसानं हे शेवटचं वाक्य तपासून न बघता किती वेळा उच्चारावं?

मावशींच्या मुलानं बीसीए केलं. बचत गटाचं कर्ज काढून पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास केला. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा वस्तीत पेढे वाटले. मारुंजीत चौघांत एक खोली, शनिवारी रात्री एसटीनं गावी. दोन वर्षं बरी गेली. मग एका शुक्रवारी सांगितलं, लॅपटॉप जमा करा, सोमवारपासून येऊ नका.

तो ज्या कंपनीत बसायचा, ती म्हणाली, हा आमचा माणूसच नाही. पगार देणारी कंपनी म्हणाली, वरून काम बंद झालं, आम्ही काय करणार? नेमणूक पत्रावर तिसऱ्याच कंपनीचं नाव होतं. तिथला फोन कुणी उचलेना. मी त्याला घेऊन एका सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी तिन्ही कागद उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "यात मालक कोण?"

मित्रांनो, आयटीतल्या बेरोजगारीवर हजार चर्चा होतात, पण खरा प्रश्न त्या साहेबांच्या तोंडून निघाला. यात मालक कोण?

चर्चा मात्र दुसऱ्याच प्रश्नाची चालते, ती म्हणजे आपली नोकरी कुणी खाल्ली? अमेरिकेतला गोरा कामगार म्हणतो, भारतीयांनी खाल्ली. त्याच रागावर स्वार होऊन ट्रम्प सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावलं. हिंजवडीच्या चहाच्या टपरीवर आपली पोरं म्हणतात, परप्रांतीयांनी खाल्ली. आणि ऑफिसातला शेजारी हळूच म्हणतो, आरक्षणवाल्यांनी खाल्ली.

तिसरं उत्तर तर उघड खोटं आहे. खासगी आयटी कंपनीत जातीनिहाय आरक्षण नाहीच. जे नाही, ते कुणाची नोकरी कशी खाईल? दुसऱ्या उत्तराबद्दल आपणच आपल्याला विचारावं. जुन्नर-आंबेगावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला पोट भरायला गेली. गिरणीत, गोदीत, बाजारात राबली. तिथं आपल्याला कुणी उपरं म्हटलं असतं तर? राहिलं पहिलं उत्तर. काम अमेरिकेतून पुण्यात आलं ते आपल्या प्रेमापोटी नाही. इथं तेच काम कमी पगारात होतं म्हणून आलं. ज्या नियमानं आलं, त्याच नियमानं ते उद्या आणखी स्वस्त माणसाकडं किंवा यंत्राकडं जाणार. टीसीएससारख्या देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीनं जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. ही निदान कंपनीच्या पटावरची माणसं होती, म्हणून त्यांची बातमी झाली. कंत्राटी पोराची बातमीही होत नाही, कारण तो कुणाच्याच पटावर नसतो.

आउटसोर्सिंगचा खरा अर्थ इथं आहे. काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक हात आपला वाटा कापून घेतो. पण जबाबदारी मात्र कामाबरोबर पुढं सरकत नाही, ती वाटेत कुठंतरी गळून पडते. शेवटच्या माणसाला कामाचा ताण पूर्ण मिळतो, मोबदला उरलासुरला मिळतो आणि मालक मिळतच नाही.

आता माझ्या त्या वाक्याकडं येतो. आयटीत जात विचारत नाहीत? तोंडावर विचारत नाहीत, हे खरं. पण कायम नोकरीचं दार बहुतेक वेळा दोन चाव्यांनी उघडतं. एक नामांकित कॉलेजच्या कॅम्पस मुलाखतीची, दुसरी आत बसलेल्या ओळखीच्या माणसाच्या शिफारशीची. ज्याच्या घरातला तोच पहिला पदवीधर, त्याच्या ओळखीचं आत कोण असणार? तो कंत्राटाच्या मागच्या दारानं आत येतो आणि त्याच दारानं बाहेर जातो. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्याचे निष्कर्ष आले. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. मुसलमान नावाची त्याहूनही कमी. पात्रता तीच, फक्त आडनाव वेगळं.

सातासमुद्रापार गेल्यावरही हा प्रश्न संपत नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्यानं सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा दाखल केला. त्यातल्या दोन अभियंत्यांविरुद्धचा दावा २०२३ मध्ये खात्यानं मागं घेतला, हेही सांगितलं पाहिजे. पण त्याच वर्षी सिएटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली. जात नावाची गोष्ट तिथं पोचलीच नसती, तर त्या शहराला ती शब्दानं लिहायची गरज का पडली असती?

बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये दाखवलं की जात ही केवळ कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी त्यांनी विचारलं होतं की विणकाम खात्यात जिथं पगार जास्त, तिथं अस्पृश्य कामगाराला प्रवेश का नाही? धागा तोंडानं ओढावा लागतो, विटाळ होतो, हे त्याचं कारण. आज विटाळाचं नाव कुणी घेत नाही. एकाच मजल्यावर, एकाच कामाला बसलेल्या दोघांपैकी एक कंपनीचा असतो आणि दुसरा कंत्राटदाराचा. कंत्राटी सगळेच आपले नाहीत, सवर्ण पोरंही त्यात भरडली जातात. पण त्यांच्याकडं बहुधा दुसरी चावी असते. आपल्याकडं ती नसते.

कुणी म्हणेल, म्हणूनच सरकारी नोकरी बरी. तिथं तरी काय उरलंय? आपल्या ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक बघा. दाखले तोच काढतो, ऑनलाइन नोंदी तोच करतो. गावातला खरा आयटी कामगार तोच आहे. पण त्याचं मानधन वर्षानुवर्षं मध्यस्थ कंपनीमार्फत आलं आणि शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा मागत तो आंदोलनं करत राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं बाह्ययंत्रणेद्वारे मनुष्यबळ पुरवायला नऊ कंपन्या नेमल्या. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागं घ्यावा लागला. पद कंत्राटदाराच्या यादीत गेलं की बिंदुनामावली कोण तपासणार? संविधानानं दिलेलं आरक्षण असं एकही कलम न बदलता निकामी करता येतं.

मग करायचं काय? उत्तर शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. ते आपल्या भागातून मुंबईला गेलेल्या माथाडींकडं आहे. माथाडीला एक मालक कधीच नव्हता. आज या व्यापाऱ्याची पोती, उद्या त्याची. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली ते लढले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. कामगाराची नोंद मंडळाकडं, मालकाची नोंदही मंडळाकडं. मालकानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला जे मिळालं, ते लॅपटॉप वाहणाऱ्याला का मिळू नये?

माथाडींचीही उणी बाजू सांगितली पाहिजे. आमच्या गावात टोळीत शिरायचं तर टोळीत आधी कुणीतरी नातेवाईक लागायचा. आपल्या वस्तीतली माणसं त्यामुळं बाहेरच राहिली. म्हणून नुसतं मंडळ पुरणार नाही. कंत्राटी भरतीत कुठल्या समाजातली किती माणसं घेतली, कायम कुणाला केलं आणि काढलं कुणाला, हे कंपनीनं दरवर्षी जाहीर केलं पाहिजे.

असं केलं तर कंपन्या हैदराबादला जातील, अशी भीती घालतात. हिंजवडीची जमीन एमआयडीसीनं शेतकऱ्यांकडून संपादित करून दिली. आयटी धोरणाखाली मुद्रांक शुल्कात, वीज शुल्कात सवलती दिल्या. हा जनतेचा पैसा आहे. तो घेणाऱ्यावर जनतेनं अट घालायची नाही, तर कुणी घालायची?

जुन्नरच्या लेण्यांमध्ये एका शिलालेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या कारागिरांना आपली संघटना होती आणि तिचं नाव दगडावर कोरण्याइतकी पत होती. आज हिंजवडीत राबणाऱ्या आपल्या पोराचं नाव कंपनीच्या पटावरही नाही.

मागच्या रविवारी मी मावशींच्या घरी गेलो. सांगितलं, "मावशी, पोराची चूक नव्हती. चूक माझी होती. मी त्याला नोकरीचा रस्ता दाखवला, पण नोकरीवर कुणाशी भांडायचं ते शिकवलं नाही." त्या काही बोलल्या नाहीत, चहा टाकला. पोरगा तिन्ही कागद घेऊन बाहेर आला.

आता अभ्यासिकेत संगणकाच्या तासाबरोबर नेमणूक पत्र वाचायचा तासही सुरू केला आहे. आमच्या दोन तालुक्यांतली हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात कंत्राटावर काम करणारी पोरं-पोरी कोण, याची यादी आम्ही करतोय. पहिल्या आठवड्यात वहीचं दीड पान भरलं. त्यात सगळ्या जातींची नावं आहेत. ती तशीच असली पाहिजेत. नोकरी कुणी खाल्ली, यावर आपण एकमेकांत भांडत बसलो, तर मालक कोण, हे कुणीच विचारणार नाही.

जय भीम!