दोन पानांना पडलेली मतं

गोवा आमचा, असं मी चाळिशी उलटेपर्यंत धरून चाललो होतो. आमचा म्हणजे महाराष्ट्राचा, आणि महाराष्ट्रातही आधी आम्हा कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातल्या लोकांचा. हिशेब सरळ होता. पोर्तुगिजांना घालवायला हद्द ओलांडून गेलेली कितीतरी माणसं बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सावंतवाडीकडची. पीटर आल्वारिस यांच्या नॅशनल काँग्रेस (गोवा)चं काम बेळगावातून चालायचं. 1961 च्या डिसेंबरात विमानं उडाली, त्यांतली काही बेळगावजवळच्या सांबऱ्याहून. डोकी आमची फुटली, तर शेवटचा शब्दही आमचाच चालला पाहिजे. हे मत मी आता सोडलं आहे. ते सोडताना घरात भांडणं झाली, अबोला झाला, म्हणून जरा तपशिलाने लिहितो.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, 15 ऑगस्ट 1955 च्या सत्याग्रहात होते. बांद्यापर्यंत ट्रकमधून, पुढे पत्रादेवीच्या हद्दीतून पायी, भर पावसात. हातात झेंडा, बाकी काही नाही. समोरून गोळीबार झाला. त्या दिवशी ठिकठिकाणच्या हद्दींवर मिळून वीसहून जास्त सत्याग्रही मारले गेले. अण्णांना गोळी लागली नाही. बंदुकीचा दस्ता डोक्यात बसला. टाळूपासून कानापर्यंत गेलेला तो व्रण आम्ही पोरं बोट फिरवून बघायचो आणि अण्णा बघू द्यायचे. पुढे पाचच महिन्यांत, 17 जानेवारी 1956 ला, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर बेळगावात गोळीबार झाला. आमच्या निपाणीच्या कमळाबाई मोहिते हुतात्मा झाल्या. गोव्याचा लढा आणि आमचा लढा हे दोन आहेत असं आमच्या घरात कुणाला वाटतच नव्हतं. माणसं तीच, घोषणा त्याच, मारही तसाच.

पण शाळकरी वयात मला अण्णांच्या सत्याग्रहापेक्षा बंदूकवाले जास्त आवडायचे. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली सशस्त्र स्वयंसेवकांनी सोडवली, ती हकिगत मी तोंडपाठ सांगायचो. सांगलीचे मोहन रानडे तर आमचे दैवतच. 1955 साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना थेट पोर्तुगालच्या काशियश तुरुंगात नेऊन टाकलं. गोवा सुटला तरी रानडे सुटले नाहीत. ते बाहेर आले 1969 च्या जानेवारीत.

आणि मग 1961. पुणे-बेंगळूर रस्ता निपाणीतून जायचा. मिलिटरीच्या गाड्यांची रांग संपता संपेना, आम्ही शाळा बुडवून कडेला उभे. 18 डिसेंबरला दाबोळीवर बॉम्ब पडले, 19 ला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आले. साडेचारशे वर्षांची राजवट दोन दिवसांत गेली. सत्याग्रहाने काही होत नसतं, बंदूकच लागते, आणि ज्याची बंदूक त्याची जमीन, हा धडा मी त्या वयात घेतला. तो पुढं पुष्कळ दिवस पुरला.

म्हणून 1967 चा धक्का मोठा होता. गोव्याने महाराष्ट्रात यायचं की केंद्रशासित राहायचं, यावर 16 जानेवारीला मतदान झालं. फुलाला मत म्हणजे विलीनीकरण, दोन पानांना मत म्हणजे वेगळं राहणं. (पान म्हटलं की निपाणीकराला तंबाखूचंच आठवतं, त्यामुळे आम्हाला ते चिन्ह जरा लागलंच.) दुसऱ्या दिवशी आमचा हुतात्मा दिन. निकाल आला तेव्हा मी अण्णांबरोबर वखारीत होतो. बायका नाकाला पदर बांधून जर्दा चाळत होत्या, दिवाणजींच्या गादीजवळ रेडिओ. फुलाला 1,38,170, दोन पानांना 1,72,191. चौतीस हजारांनी गेलं. दिवाणजींनी रेडिओ बंद केला. अण्णा एवढंच म्हणाले, "आमी टकुरी फोडून घेतली ती ह्याच्यासाटनं काय?" त्यानंतर अण्णा मरेपर्यंत गोव्यात गेले नाहीत. कुणी गोव्याचे काजू आणले तर खायचे नाहीत. मीही पुष्कळ वर्षं तेच बोलायचो: दिल्लीने डाव केला, गोवेकर कृतघ्न निघाले.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. डिचोलीचे एक मास्तर एका शिबिरात माझ्या खोलीत होते. रात्री मी माझं नेहमीचं पुराण लावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी आमकां सोडोवपाक आयिल्ले, काय व्हरपाक?" सोडवायला आला होता की न्यायला? मग मराठीत येऊन सांगू लागले. वडील कूळ. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, शेतात आयुष्य गेलं. त्यांनी फुलाला मत दिलं, कारण मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावात मराठी शाळा आणली, 1964 चा कुळकायदा केला, आणि बांदोडकर महाराष्ट्रात चला म्हणत होते. आईने दोन पानांना दिलं. तिने ते कितीतरी वर्षांनी सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाली, मुंबई लांब आहे, पणजी जवळ आहे. मला उत्तर सुचलं नाही. आमच्या बेळगावात बेंगळूर लांब म्हणून आम्ही जे बोलतो, ते ह्या बाईने मतपेटीत टाकलं होतं.

त्यांनीच मला 'राष्ट्रमत'बद्दल सांगितलं. मडगावचं दैनिक, भाषा मराठी, आणि विलीनीकरणाच्या विरोधात सगळ्यात तिखट लिहायचं तेच. मराठीत लिहिणारा माणूस महाराष्ट्र नको म्हणू शकतो, ही शक्यता माझ्या डोक्यात तोवर शिरलीच नव्हती. मी ती कात्रणं मिळवून वाचली. मला ती आजही सगळी पटत नाहीत, काही तर निव्वळ खोडसाळ आहेत. पण ती वाचल्यावर "दिल्लीचा डाव" हे म्हणणं माझ्याने होईना. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून आधी बांदोडकरांचं सरकार सत्तेवरून बाजूला झालं होतं. प्रचार दोन्ही बाजूंनी गावोगाव झाला. ज्यांना विचारायचं त्यांना विचारलं गेलं.

माझं मत बदलायचं दुसरं कारण आफ्रिकेचं. हुकूमशहा सालाझारची राजवट गोव्यात हरली तरी पोर्तुगालात टिकलीच होती. तिला खऱ्या अर्थाने खाऊन टाकलं ते अंगोला, गिनी आणि मोझांबिक इथल्या युद्धांनी. 1961 पासून तेरा वर्षं पोर्तुगालची तरुण पोरं तिकडे मरत होती. शेवटी त्यांचेच कप्तान 25 एप्रिल 1974 ला लिस्बनच्या रस्त्यावर रणगाडे घेऊन उतरले आणि राजवट कोसळली. काशियशचे दरवाजे दोन दिवसांत उघडले. हे वाचताना माझा जुना जीव सुखावला: बघा, बंदुकीनेच झालं. पण अंगोलाची पुढची गोष्ट वाचायची राहिली होती. 11 नोव्हेंबर 1975 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा लढणाऱ्या तीन संघटना होत्या आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच, रक्त आम्ही सांडलं, देश आमचा. ती यादवी 2002 पर्यंत चालली. पोर्तुगिजांविरुद्धच्या युद्धाच्या दुप्पट काळ ते आपापसांत लढले.

त्यांचं वाक्य आणि अण्णांचं वाक्य शेजारी ठेवलं तेव्हा मला घाम फुटला.

गोव्यातही यादवीचं बी होतं, हे आपण विसरतो. सत्याग्रहींना ठोकून काढणाऱ्यांतलं सगळ्यात बदनाम नाव काझिमिरो मोंतेरो. तो गोव्यातच जन्मलेला. तोच पुढे सालाझारचा विरोधक जनरल डेल्गादो याच्या 1965 च्या खुनात दोषी ठरला. असे लहानमोठे मोंतेरो गावोगाव होते. त्यांच्याकडून मार खाल्लेली माणसंही त्याच गावांत होती. बदला घ्यायचा म्हटलं असतं तर हिशेब लांबला असता. झालं काय? आझाद गोमंतक दलाचे सिनारी पोलीस खात्यात अधिकारी झाले. 1963 च्या निवडणुकीत गोव्यातल्या मतदारांनी काँग्रेसला एकही जागा दिली नाही आणि बांदोडकरांच्या नव्या पक्षाला गादीवर बसवलं. लढ्यातल्या पुष्कळांना ते झोंबलं असणार. कुणी बंदूक काढली नाही. डिचोलीच्या त्या घरात फूल आणि दोन पानं एकाच चुलीवर जेवली.

आज माझं मत असं आहे: राजवट उलथवणाऱ्याचा मान मोठा, पण त्या भूमीचं पुढे काय करायचं हे ठरवायचा त्याला इतरांपेक्षा एक मतही जास्त अधिकार नाही. रानड्यांनाही नाही आणि अण्णांनाही नाही. हे मी अण्णांच्या हयातीत बोललो होतो. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

हाच नियम आम्हालाही लागतो, आणि तो मला मान्य आहे. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 साली निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्या म्हटलं, बेळगाव शहर कर्नाटकात ठेवा म्हटलं. आयोगाने निवेदनं घेतली, शिष्टमंडळं ऐकली; गावात मतपेटी ठेवली नाही. त्याच वर्षी डिचोलीच्या कुळाला जे विचारलं, ते निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्याला आजवर कुणी विचारलेलं नाही. वर्षानुवर्षं आम्ही महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून देऊन आपलं उत्तर सांगत होतो. 2018 आणि 2023 ला समितीचा एकही आमदार झाला नाही. तेव्हा आज विचारलं तर उत्तर आमच्या मनासारखंच येईल, अशी खात्री मी देणार नाही. नव्या पोरांची नोकरी बेंगळुरात, सासुरवाडी कोल्हापुरात, आणि भांडण दोन्हीकडे नको. उलट उत्तर आलं तर मला वाईट वाटेल, पण ते मी मानीन आणि गोव्याला शिव्या दिल्या तशा कुणाला देणार नाही.

हुतात्मा दिनाच्या सभेत हे बोललो तर टाळी पडली नाही. एका जुन्या कार्यकर्त्याने उठून विचारलं, सर, मग हुतात्मे कशाला झाले? मी म्हटलं, आपल्याला कुणी विचारावं म्हणून झाले. त्यांना ते पटलं नाही. सीमाप्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 सालचा आहे आणि अजून पडून आहे. निकाल कधी लागायचा तो लागो. त्याआधी एकदा गावागावात मतपेटी ठेवा, मराठी, कानडी सगळ्यांना विचारा, आणि येईल ते दोन्ही राज्यांनी लिहून द्या की मान्य.