लोकनायक अणे आणि आम्ही नगरकर

वऱ्हाडाविषयी बोलताना नगरच्या माणसाने थोडे जपून बोलावे, असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत आले आहे. इ. स. १५७४ मध्ये मूर्तजा निजामशहाने एलिचपूरची इमादशाही बुडवून वऱ्हाड आपल्या राज्यास जोडले. पुढे १५९६ मध्ये शहाजादा मुरादच्या वेढ्यातून हे शहर सोडविताना चांदबिबीने जी किंमत मोजली, ती वऱ्हाडच होय. तटावर उभ्या राहिलेल्या चांदबिबीची गोष्ट आमच्या गावातील पोराटोरांस पाठ आहे. त्या तहात एक सबंध प्रांत ह्या हातातून त्या हातात गेला आणि त्या प्रांतास कोणी काही विचारले नाही, हा भाग मात्र सांगणारे बहुधा गाळतात.

हा गाळलेला भाग आमच्या ध्यानात आणून दिला तो यवतमाळकडून आमच्या घरी आलेल्या धाकट्या वहिनींनी. आमचे घर संयुक्त महाराष्ट्राच्या अभिमानाचे. वडीलधारी मंडळी माधव श्रीहरी अणे ह्यांचे नाव निघाले की म्हणत, “टिळकांचा माणूस, आणि महाराष्ट्रातून फुटून निघू पाहतो!” वहिनींच्या माहेरी तेच नाव ‘लोकनायक बापूजी’ असे हात जोडून घेतले जाते. पंक्तीला एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमचा महाराष्ट्र आमच्याकडे पोचायला आगगाडीची एक रात्र लागते, दादा.” त्या दिवशी भात कोणी दुसऱ्यांदा मागितला नाही. अणे ह्यांचे चरित्र आम्ही जुळवून पाहिले ते त्यानंतर.

अणे १८८० साली वणी येथे जन्मले, यवतमाळला वकिली करू लागले आणि टिळकांच्या पक्षात वाढले. १९३० साली पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी तुरुंग पत्करला. मीठ समुद्रकाठी असते. वऱ्हाडाला सत्याग्रहासाठी गवतच जवळचे. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते, आणि दुसऱ्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावरून मालवीयजींसह त्यांनी निराळा पक्ष काढला. इतक्या थोड्या अवधीत असे घर सोडणारा माणूस अस्थिर म्हणावा की स्वतंत्र, ह्यावर मतभेद होणारच.

खरा पेच आमच्या गावाशी येऊन भिडतो. १९४२ च्या ऑगस्टात नेहरू, पटेल, आझाद आदी कार्यकारिणीचे सभासद आमच्या भुईकोट किल्ल्यात आणून कोंडले गेले, तेव्हा अणे दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसलेले होते. नगरकराला हे पचणे कठीण. परंतु १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी पुण्यास आगाखान महालात उपवास आरंभिला व सरकार त्यांस सोडीना, तेव्हा होमी मोदी व नलिनीरंजन सरकार ह्यांच्याबरोबर अणे ह्यांनी राजीनामा दिला. गांधीजींशी त्यांचे राजकारणात फारसे कधी जमले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या राजीनाम्याचे मोल कळते. त्याच वर्षी ते त्याच सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनास गेले, हेही सांगितले पाहिजे. गौरवग्रंथात असल्या गोष्टींवरून हात फिरविण्याची चाल आम्हांस पसंत नाही.

१९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपालपद सांभाळून ते परतले. मग ज्या वयात माणसे काशीयात्रेचा बेत करतात, त्या वयात त्यांनी वेगळ्या विदर्भाचा प्रश्न हाती घेतला. ह्या मागणीचे मूळ मराठीच्या द्वेषात शोधणाऱ्यांनी वऱ्हाडची कागदपत्रे वाचलेली नाहीत. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या देण्यापोटी तो मुलूख इंग्रजांकडे लावून दिला. १९०२ मध्ये सालीना पंचवीस लाखांवर त्याचा कायमचा पट्टा झाला, आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांताच्या दावणीला बांधला गेला. अणे तेव्हा ऐन बाविशी-तेविशीचे. मालकी हैदराबादची, कारभार इंग्रजांचा, कचेरी नागपूरची, आणि कापूस मात्र वऱ्हाडचा! असल्या घरात वाढलेल्या माणसाला ‘आता मुंबईशी जोडून घ्या’ हे शब्द कसे ऐकू येत असतील, ह्याचा विचार आम्ही पुणे-नगरकडील लोकांनी कधी केला काय?

१९५३ चा नागपूर करार झाला तरी अणे व ब्रिजलाल बियाणी ह्यांनी राज्यपुनर्रचना आयोगापुढे विदर्भाची बाजू मांडली, आणि १९५५ मध्ये आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचे निराळे राज्य असावे अशी शिफारसही केली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनीही मराठी भाषिकांची एकाहून अधिक राज्ये असावीत असे प्रतिपादिले. पदरात पडले ते निराळेच. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य झाले, नागपूरची राजधानी गेली, आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. मध्यंतरी १९५९ च्या पोटनिवडणुकीत नागपूरकरांनी अणे ह्यांना लोकसभेत पाठविले. १९६२ मध्ये, राज्य होऊन दोन वर्षे लोटल्यावर, स्वतंत्र उमेदवार म्हणून पुन्हा पाठविले. वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला त्याच्या भवितव्याविषयी विचारले गेल्याचे हे दुर्मिळ प्रसंग होत.

त्यांचा निष्कर्ष आम्हांस आजही मान्य नाही. एका भाषेचे लोक एकत्र नांदावेत, असेच आमचे मत आहे. परंतु दूरच्या कचेरीचे दुःख आम्हांस अगदीच अनोळखी नाही. आमचा जिल्हा चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले तालुक्यातील आदिवासी शेतकरी कागदासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी येतो, तेव्हा त्याचा दिवस आणि मजुरी दोन्ही बुडतात. म्हणून जिल्हाविभाजनाची मागणी वर्षानुवर्षे चालली आहे, आणि मुख्य ठाणे संगमनेरला की श्रीरामपूरला, ह्यावर ती अडते. ह्यावर वहिनी काही बोलत नाहीत, नुसत्या हसतात.

अणे १९६८ च्या २६ जानेवारीस वारले. उतारवयात त्यांनी संस्कृतात एक मोठे काव्य रचले होते, आणि त्याला १९७३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. काव्याचे नाव ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’. विषय, अर्थातच, पुण्याचे टिळक.